ड्रॅगन चालतो, मग बंदूक का चालत नाही? फँटसी मालिकांतून गायब झालेल्या शस्त्राची गोष्ट

एक किल्ला, दोन राजघराणी. तह होतो, बहिणीचे लग्न लागते, आंदण म्हणून किल्ला देण्याचे ठरते आणि लग्न पार पडल्यावर किल्ला काही दिला जात नाही. पुढची कित्येक वर्षे त्या एका किल्ल्यापायी फौजा एकमेकांवर चालून जात राहतात. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या एखाद्या सीझनचा सारांश वाटावा अशी ही गोष्ट सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याची आहे. १५२४ मध्ये विजापूरचा इस्माईल आदिलशहा आणि अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा सोलापुरात भेटले, आदिलशहाची बहीण मरियम हिचा निकाह निजामशहाशी लागला आणि वादाला तोंड फुटले. पुढे हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली, तेव्हा हाच किल्ला उलट दिशेने आंदण गेला.

वेस्टेरॉस आणि दख्खन यांच्यात एक मोठा फरक मात्र आहे. तिकडे ड्रॅगन होते, इकडे तोफा होत्या. फँटसी मालिकांत आगीचे श्वास सोडणारा उडता प्राणी चालतो, मेलेली माणसे उठून चालतात, जादूने वादळे येतात. पण कोणी खिशातून पिस्तूल काढले की प्रेक्षकाला खटकते. असे का होते, याची चर्चा जगभरातल्या चाहत्यांमध्ये अधूनमधून रंगते. मराठी प्रेक्षकासाठी हा प्रश्न आणखी जवळचा आहे, कारण आपल्या ऐतिहासिक आणि पौराणिक मालिकांतही पडदा तलवारीनेच व्यापलेला असतो.

‘त्या काळात बंदुका नव्हत्या’ हे खरे आहे का?

सहसा हेच उत्तर दिले जाते. ते चुकीचे आहे.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ची प्रेरणा इंग्लंडमधल्या ‘वॉर्स ऑफ द रोझेस’ या यादवी युद्धात आहे, हे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी लपवलेले नाही. ते युद्ध १४५५ ते १४८७ या काळात झाले आणि त्यात तोफा वापरल्या गेल्या. त्याआधी शंभर वर्षे, १३४६ मध्ये, क्रेसीच्या लढाईत इंग्रजांनी प्राथमिक स्वरूपाच्या तोफा आणल्या होत्या. पडद्यावर दिसणारे अंगभर लखलखते पोलादी चिलखत युरोपात पूर्णत्वाला पोहोचले ते पंधराव्या शतकात, म्हणजे बारूद आल्यानंतर. चिलखत आणि बंदूक दोनशेहून अधिक वर्षे शेजारी शेजारी नांदले. तेव्हा चिलखत दाखवायचे आणि बंदूक वगळायची, हा लेखक-निर्मात्यांनी केलेला निवाडा आहे.

तंत्राच्या बाजूने पाहिले तर हा निवाडा गमतीदार आहे. काही टन वजनाचा प्राणी पंखांवर उडवायचा तर भौतिकशास्त्राचे अनेक नियम बाजूला ठेवावे लागतात. बारुदीला लागतो तो शोरा, कोळसा आणि गंधक. साधारण ७५, १५ आणि १० या प्रमाणात. वेस्टेरॉसमध्ये पाण्यावरही पेटत राहणारी हिरवी ‘वाइल्डफायर’ बनवणारे किमयागार आहेत. त्यांना शोरा सापडला नाही, हे मान्य करायला ड्रॅगनपेक्षा जास्त कल्पनाशक्ती लागते.

मग बंदूक टाळतात ती कशासाठी?

कारण बंदूक कथेतला हिशेब बदलते. तलवार चालवायला वर्षानुवर्षे शिकावे लागते, अंगात ताकद लागते, समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे लागते. दोन योद्धे भिडतात तेव्हा संवादाला जागा असते, जुने वैर बाहेर येते, कोण थकले ते दिसते. बंदुकीत हे सगळे अर्ध्या सेकंदात संपते. वीस भाग खर्च करून उभा केलेला नायक अनोळखी शिपायाच्या गोळीने शंभर पावलांवरून पडू शकतो. मालिका लिहिणाऱ्यांसाठी ही मोठीच अडचण.

ही तक्रार टीव्हीच्या कितीतरी आधीची आहे. इटालियन कवी अरिओस्तो याच्या ‘ऑर्लांडो फ्युरिओसो’ या दीर्घकाव्यात, १५३२ च्या आवृत्तीत, ऑर्लांडो हा सरदार एका दुष्ट राजाची बंदूक हिसकावून घेतो आणि समुद्रात फेकून देतो. भित्र्याला शूराच्या बरोबरीला आणणारे हे शस्त्र पुन्हा कोणाच्या हाती लागू नये म्हणून. जादूची अंगठी आणि उडते घोडे त्या काव्यात खुशाल आहेत. सोलापूरच्या त्या लग्नानंतर आठच वर्षांनी छापलेली ही आवृत्ती आहे. फँटसी आणि बंदूक यांचे वाकडे इतके जुने.

तरीही बंदुकीचे काम कोणीतरी करावेच लागते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये ते आडव्या धनुष्याने, म्हणजे क्रॉसबोने केले. साऱ्या राज्याला धाकात ठेवणारा टायविन लॅनिस्टर शौचकूपात बसलेला असताना त्याचा बुटका मुलगा खटका दाबतो आणि संपते. दुबळ्याने बलवानाला दुरून, एका बोटाने मारणे हेच बंदुकीचे सार, आणि मालिकेने ते बंदुकीशिवाय दाखवले. अखेरच्या सीझनमध्ये शरण आलेल्या शहरावर ड्रॅगन आग ओकतो, रस्त्यात माणसे राख होतात. ते दृश्य पाहताना मध्ययुग आठवत नाही, विसाव्या शतकातले हवाई बॉम्बहल्ले आठवतात. शस्त्र वगळले तरी त्याची भीती मालिकेत शिरलीच.

बंदुका असलेल्या फँटसी मालिका नाहीतच का?

आहेत, आणि त्या वेगळ्याच वाटेने जातात. नेटफ्लिक्सवरच्या ‘शॅडो अँड बोन’ (२०२१ ते २०२३) मध्ये रावका देशाच्या पहिल्या फौजेकडे रायफली आहेत आणि दुसऱ्या फौजेत ग्रीशा हे जादूगार. बंदुका सुधारत चालल्या तसे जादूगारांचे महत्त्व किती दिवस टिकणार, ही चिंता त्या कथेच्या पोटात आहे. हातमागाच्या गावात यंत्रमाग आल्यावर काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्या सोलापूरकरांना ही चिंता समजावून सांगायची गरज नाही.

‘आर्केन’ (२०२१ आणि २०२४) या ॲनिमेशन मालिकेत तर बंदूक ही वर्गाची खूण आहे. वरचे श्रीमंत शहर आणि खालची धुराने भरलेली वस्ती यांच्यात संघर्ष आहे. खालच्या वस्तीतली जिंक्स स्वतः शस्त्रे बनवते, त्यांवर लहान मुलीसारखी रंगीत चित्रे काढते आणि पहिल्या सीझनच्या शेवटी वरच्या शहराच्या कौन्सिलवर रॉकेट डागते. इथे बंदूक कथा संपवत नाही. ती कोणाच्या हातात आली आणि का आली, तिथून कथा सुरू होते. तलवारीच्या फँटसीत राजा कोण होणार एवढाच प्रश्न उरतो. बंदूक आली की कारखाना, पैसा, गरिबी यांनाही पडद्यावर यावे लागते.

दख्खनचा ड्रॅगन

आपल्याकडे बारूद आणि कल्पनाशक्ती यांचे भांडण कधीच नव्हते. पुरावा सोलापूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर विजापूरच्या शेरझा बुरुजावर पडलेला आहे. मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) ओतली गेली, ओतणारा होता रूमी खान. वजन सुमारे ५५ टन, लांबी चार मीटरहून जास्त. तिचे तोंड घडवले आहे ते जबडा पसरलेल्या सिंहाच्या रूपात, आणि त्याच्या दातांत चिरडला जाणारा हत्ती आहे. हत्ती गिळणारा, आग ओकणारा, धातूचा प्राणी. याहून वेगळा ड्रॅगन तो काय असतो?

ही तोफ परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ च्या सुमारास विजापूरला नेली गेली, असे सांगितले जाते. परंडा म्हणजे बार्शीच्या पलीकडे. तिथल्या किल्ल्यात आजही तोफा पडून आहेत. नळदुर्गच्या उपळ्या बुरुजावर चढणाऱ्या पर्यटकांचे फोटोही तोफांसोबतच असतात. चांदबीबीच्या लग्नातून जुळलेल्या युतीने १५६५ च्या जानेवारीत विजयनगरचा पाडाव केला, त्या तालिकोटच्या लढाईत निजामशाही तोफखान्याने तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरून तोफा डागल्याचे फिरिश्ता या इतिहासकाराने लिहिले आहे. पैशांचा पाऊस मृत्यू होऊन कोसळतो, असे दृश्य कोणत्याही फँटसी मालिकेच्या लेखकाला सुचले असते तर त्याला पुरस्कार मिळाला असता.

पेशवाईचा शेवटही सोलापुरात बारुदीच्या वासातच झाला. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोची फौज शहरावर चालून आली, तेव्हा समोर होते गणपतराव पानसे. पेशव्यांच्या तोफखान्याची जबाबदारी पिढीजात ज्यांच्याकडे होती, ते हे घराणे. पेठ पडली आणि काही दिवसांत किल्लाही पडला.

मुलूखमैदानच्या नशिबी मात्र वेगळीच गंमत होती. १८५४ मध्ये इंग्रजांनी ती भंगाराच्या भावात लिलावात काढली. बोली गेली १५० रुपयांपर्यंत. नंतर लिलाव रद्द झाला. तोफ वाचली आणि तिचे नाव मराठीत असे रुजले की आजही सभा गाजवणाऱ्या वक्त्याला बातम्यांत ‘मुलूखमैदान तोफ’ म्हटले जाते. भाषा ‘तोफ डागते’, ‘दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवते’. इतकी बारूद बोलण्यात असलेल्या समाजाच्या मालिकांत ती इतकी कमी कशी?

मराठी पडद्यावर तलवारच का?

‘राजा शिवछत्रपती’ (२००८) असो किंवा ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ (२०१७ ते २०२०), प्रोमोत, पोस्टरवर आणि प्रेक्षकांच्या डीपीवर झळकते ती तलवार. ‘जय मल्हार’मध्ये (२०१४ ते २०१७) खंडोबाच्या हाती खंडा असणे साहजिकच. पण सतराव्या शतकातला महाराष्ट्र तलवारीएवढाच तोफेचा आणि ठासणीच्या बंदुकीचा होता. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरचे इंग्रज सिद्दी जौहरच्या मदतीला तोफा घेऊन आले होते आणि त्याची किंमत त्यांना शिवाजी महाराजांच्या कैदेत राहून मोजावी लागली. घोडखिंडीची कथा सांगताना बाजीप्रभूंच्या दोन्ही हातांतल्या तलवारी आधी आठवतात. पण त्याच कथेत ते प्राण कंठाशी धरून वाट पाहतात ती विशाळगडावरच्या तोफांच्या आवाजाची.

तलवार पुढे आणि बंदूक मागे, यामागे आणखी एक कारण असावे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी सर्वसामान्य भारतीयांच्या हातून शस्त्रे काढून घेतली. त्यानंतर बंदूक म्हणजे सरकार, पोलीस, शिकारी साहेब आणि काही मोजके परवानेधारक. सोलापूरला हे विशेष ठाऊक आहे. ८ मे १९३० रोजी इथे जमावावर गोळीबार झाला, त्यानंतर शहरात मार्शल लॉ लागला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. या शहराच्या आठवणीत बंदूक आहे ती समोरून रोखलेली. तिच्या उलट तलवार देवघरात राहिली, दसऱ्याला पूजेत राहिली, लग्नात नवरदेवाच्या हातात राहिली. स्वप्नात माणूस हाती घेतो ते शस्त्र आपले वाटणारे असते.

पौराणिक मालिकांनी मधला मार्ग काढला तो अस्त्रांचा. ‘रामायण’ (१९८७) आणि ‘महाभारत’ (१९८८) यांत आकाशात दोन बाण एकमेकांवर आदळून ठिणग्या उडायच्या आणि रविवारी सकाळी गल्ल्या ओस पडायच्या. धनुष्यातून सुटलेले आग्नेयास्त्र परिणामाच्या दृष्टीने तोफगोळाच आहे. पण ते मिळवायला तप करावे लागते, मंत्र लागतो, कधी वापरायचे नाही याचे नियम असतात. गावठी कट्ट्याला यातले काहीच लागत नाही.

तलवार ‘परंपरा’ आणि बंदूक ‘गुन्हा’: कायदा काय म्हणतो?

पडद्यावरचा हा भेद रस्त्यावर उतरला की गोंधळ होतो. वाढदिवसाचा केक तलवारीने कापायचा, मागे मालिकेचे किंवा सिनेमाचे शीर्षकगीत लावायचे आणि रील टाकायची, हा प्रकार महाराष्ट्रात शहरोशहरी झाला आणि त्याबद्दल ठिकठिकाणी गुन्हेही दाखल झाले. अनेक तरुणांना पोलीस ठाण्यात गेल्यावरच कळते की तलवार हेही कायद्याने शस्त्र आहे. शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारे येतात. घरगुती, शेतीच्या किंवा कामधंद्याच्या उपयोगाची हत्यारे वगळून. रीलमध्ये मिरवलेली तलवार भाजी चिरायला होती, असे सांगून सुटका होणे अवघड.

बंदुकीच्या बाबतीत २०१९ च्या दुरुस्तीने नियम आणखी कडक झाले. लग्न, मिरवणूक किंवा धार्मिक ठिकाणी आनंदाच्या भरात इतरांचा जीव धोक्यात घालणारा गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. बंदूक परवान्याची असली तरीही.

मुलांवर खरोखर परिणाम होतो का?

या विषयावर मते खूप आहेत, मोजलेले कमी. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांचे दोन प्रयोग म्हणूनच उपयोगी पडतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या प्रयोगात ८ ते १२ वयाच्या १०४ मुलांना सिनेमाचा वीस मिनिटांचा भाग दाखवला. काहींना बंदुका असलेला, काहींना त्याच सिनेमातून बंदुका काढून टाकलेला. मग खेळण्यांनी भरलेल्या खोलीत सोडले. कपाटाच्या खणात एक खरे, पण निकामी केलेले पिस्तूल होते. बंदुका पाहिलेल्या मुलांनी ते मध्यमानाने ५३ सेकंद हातात धरले, इतरांनी ११ सेकंद.

आपल्या विषयासाठी दुसरा प्रयोग अधिक महत्त्वाचा. २०१९ मध्ये आलेल्या या अभ्यासात मुलांना ‘माइनक्राफ्ट’ या गेमचे तीन प्रकार दिले: राक्षसांना बंदुकीने मारायचे, तलवारीने मारायचे, किंवा कोणालाच मारायचे नाही. नंतर खोलीत पिस्तूल सापडलेल्या मुलांपैकी बंदूकवाल्या गटातील ६१.८ टक्के, तलवारवाल्या गटातील ५६.८ टक्के आणि मारामारी नसलेल्या गटातील ४४.३ टक्के मुलांनी त्याला हात लावला. तलवार म्हणजे निरुपद्रवी, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. बंदुकीइतकीच वाईट, असेही नाही.

हे प्रयोग आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. अमेरिकेत घरातल्या कपाटात पिस्तूल सापडणे ही रोजची शक्यता आहे, सोलापुरात नाही. इथल्या मुलाच्या हाती येते ती दिवाळीतली टिकल्यांची बंदूक किंवा जत्रेत फुगे फोडायची छऱ्याची बंदूक. मात्र २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात पाइप आणि कार्बाइड वापरून केलेल्या ‘कार्बाइड गन’ने अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या. ती कशी उडवायची हे मुले शिकली ती मोबाइलवरच्या रील्समधून. तिथे ना ड्रॅगन होता ना नायक. तीस सेकंदांचा धमाका पुरेसा होता.

कॅमेऱ्यामागची बंदूक

पडद्यावर बंदूक नको म्हणणाऱ्यांत सेटवर काम करणारेही आहेत, आणि त्यांचे कारण सर्वांत रोकडे आहे. ३१ मार्च १९९३ रोजी ‘द क्रो’ या फँटसी सिनेमाच्या चित्रीकरणात ब्रँडन ली याचा मृत्यू झाला. झाले असे: जवळून दाखवण्यासाठी खऱ्या काडतुसांतली दारू काढून नकली काडतुसे बनवली होती, पण त्यातल्या एकाच्या बुडाची ठिणगी पाडणारी टोपी जिवंत राहिली. तिच्या लहानशा धक्क्याने गोळी नळीत सरकून अडकली. नंतर त्याच बंदुकीत फक्त आवाज करणारे ‘ब्लँक’ काडतूस घातले गेले. ब्लँकमध्ये गोळी नसते, दारू असते. तिने नळीतली गोळी बाहेर ढकलली.

२०२१ मध्ये ‘रस्ट’ या सिनेमाच्या सेटवर छायाचित्रणकार हलिना हचिन्स यांचा गोळी लागून मृत्यू झाला, तेव्हा महामानवांच्या ‘द बॉइज’ या मालिकेचे निर्माते एरिक क्रिप्के यांनी आपल्या सेटवर यापुढे ब्लँक भरलेल्या बंदुका वापरणार नसल्याचे जाहीर केले. नळीच्या तोंडावरचा जाळ संगणकावर घालता येतो. ड्रॅगनच्या तोंडातली आग ज्या तंत्राने रंगवतात, त्याच तंत्राने.

पालकांनी नेमके काय पाहावे?

भारतात २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवरील मालिकांना यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए असे वयोगट द्यावे लागतात. वयोगट ठरवताना मुले अनुकरण करतील अशा वर्तनाचा विचार होतो आणि त्यात शस्त्रांसह केलेल्या हिंसक वर्तनाचाही उल्लेख आहे. यूए १३+ आणि त्यापुढच्या मालिकांसाठी पॅरेंटल लॉकची सोय देणे प्लॅटफॉर्मवर बंधनकारक आहे. ती ॲपच्या प्रोफाइल सेटिंगमध्ये सापडते आणि पिन पालकांनाच घालावा लागतो. मालिका सुरू होताना कोपऱ्यात काही सेकंद दिसणाऱ्या सूचनेत ‘हिंसा’ एवढेच लिहिलेले असते. ती तलवारीची, ड्रॅगनची की बंदुकीची, हे पाहूनच कळते.